जरा हलका करून आणा

शाळा उघडायच्या आधीचा शनिवार म्हणजे बुटांच्या दुकानातला वर्षातला सगळ्यात घाणेरडा दिवस. हे मत मावशीचं होतं, आणि ते तिनं वर्षानुवर्षं जमिनीवर गुडघे टेकून कमावलं होतं. बाकीच्यांना दुकानात आरसे दिसत, दिवे दिसत, काचेमागे चकाकणारे बूट दिसत. मावशीला पाय दिसत. सुट्टीभर अनवाणी हुंदडलेले, नखांत माती भरलेले, घोट्यांवर काळी पुटं चढलेले पाय, आणि आईबापांनी निघताना त्यावर घाईघाईनं चढवलेले मोजे. काही मोजे तर शेवटच्या पेपराच्या दिवशी काढून दप्तरात कोंबलेले असावेत आणि आज थेट तिथूनच बाहेर आले असावेत. पोरं बाकावर ओळीनं बसली की सगळ्यांचा मिळून एक आंबूस, ओलसर वास तयार व्हायचा. मग मावशी नाक बंद करून तोंडानं श्वास घ्यायची. थोड्या वेळानं तिला वाटायचं, आता हा वास आपण खातोय की काय, आणि ती पुन्हा नाकावर यायची.

दुकानात तिला झाडून सगळे मावशी म्हणत. गिऱ्हाईकं म्हणत, त्यांची पोरं म्हणत, मालकही म्हणायचा. खरं पाहता तिला सख्खी, चुलत, मावस कुठलीच बहीण नव्हती, त्यामुळे ती या जगात कुणाचीच मावशी नव्हती. ती होती एका मुलीची आत्या. धाकट्या भावाची एकुलती एक पोर, घरात जिला बबडी म्हणत. मावशी राहायचीही त्या भावाकडेच, आणि बबडीच्या शेजारी निजायची.

मालकाला माघारी सगळे साखऱ्या म्हणत. जीभ अशी गोड की मुंग्या लागाव्यात. दारातून आत येणारं प्रत्येक पोरगं म्हणजे ‘आमचा राजा’ नाहीतर ‘आमची राणी’. बसल्याबसल्या त्याला गल्ल्याच्या किल्लीनं कान कोरायची सवय होती. कान कोरून झाला की किल्ली निरखायची, पँटला पुसायची आणि त्याच हातानं समोरच्या पोराचा गालगुच्चा घ्यायचा. आया कौतुकानं हसत. मावशीच्या अंगावर शहारा येई. एकेकदा वाटे, ओरडून सांगावं, अहो बाई, आधी पोराचं तोंड धुवा आणि मग हसा.

पण कान कोरणं ही साखऱ्याची सगळ्यात स्वच्छ सवय होती. यंदाचा माल त्याहून घाण होता.

मोठ्या शाळेचे, बाजूला शिक्का असलेले काळे बूट या एकाच दुकानात मिळत. शिक्का नसलेले बूट घालून कुणी आलं तर त्याला पहिल्याच दिवशी फाटकात उभं करतात, हे सगळ्या पालकांना पाठ होतं. त्यामुळे गिऱ्हाईक जाणार कुठे? यंदा साखऱ्यानं नेहमीचा कारखाना सोडून भलतीकडून स्वस्तात माल उचलला, आणि त्या मालावरचा आकडाच खोटा निघाला. तीन छापलेला बूट खरा दोनचा. चार छापलेला तीनचा. पहिला खोका उघडल्यावर मावशीनं हातानं अंदाज घेतला, मग मापाची पट्टी लावली आणि मालकाला सांगितलं. साखऱ्या म्हणाला, “मावशी, लोक पाय मोजत नाहीत हो. लोक आकडा वाचतात.”

तो बोलला ते शब्दशः खरं निघालं, याचाच मावशीला जास्त संताप आला.

आज सकाळपासून तेच चाललं होतं. आत्ताच एक टायवाले गृहस्थ मुलाला घेऊन बसले होते. बाकावर टेकायच्या आधीच त्यांनी जाहीर केलं, “गेल्या वर्षी दोन नंबर होता. म्हणजे यंदा तीन. सरळ गोष्ट आहे.”

“पाय मोजू का जरा?” मावशीनं विचारलं.

“कशाला वेळ घालवता? तीन द्या.”

तीन दिला. पोराची टाच बाहेरच. वडील म्हणाले, “जोर लाव.” पोरानं जोर लावला, तोंड लाल केलं. वडील म्हणाले, “सुट्टीत नुसता लोळलायस, पायसुद्धा सुजलेत तुझे.” मग गल्ल्यावरून साखऱ्याचा मधाळ आवाज आला, “मावशी, जरा हलका करून आणा!”

हा दुकानातला मंत्र होता. ऐकणाऱ्याला वाटे, काहीतरी खास सेवा आहे. मावशी जोड घेऊन मागच्या पडद्याआड जायची. तिथं पक्कड ठेवलेली होती. बुटाच्या आत तळव्याखाली जो मऊ सुखतळा असतो, तो पकडीनं धरून उपटून काढायचा आणि त्या जागी पातळ काळा कागद चिकटवायचा. सुखतळा गेला की बुटात तेवढी उंची वाढते, आणि घट्ट बुटातही पाय सरकन आत जातो. दुकानातल्या सतरंजीवर चार पावलं चाललं तर काही कळत नाही. चार दिवस शाळेत चाललं की कागद फाटतो, खालचे टाके आणि गोंदाचे खडे तळव्याला टोचायला लागतात, आणि बोटं तर पहिल्यापासून पुढे आपटतच असतात. पण तोवर बूट वापरलेला झाला. वापरलेला माल परत घेत नाहीत, अशी मोठी पाटीच साखऱ्यानं लावली होती.

“बघा, कसा हलका झाला!” साखऱ्या म्हणाला. पोरगा चार पावलं चालला. वडिलांनी बुटाच्या टोकावर अंगठा दाबला. हे अंगठा दाबणं तर मावशीच्या डोक्यात जायचं. जगातल्या यच्चयावत आईबापांना हे कुणी शिकवलं होतं कोण जाणे. वरून अंगठा दाबला की आत पोर बोटं आखडून घेतं, मग जागा लागते, आणि आईबापांना वाटतं, आपल्याला फार कळतं.

“सर्व्हिस चांगली आहे तुमची,” टायवाले म्हणाले आणि मोजे निवडायला पलीकडच्या कपाटाकडे गेले.

मावशीनं पडद्यामागच्या पिंपाकडे पाहिलं. उपटलेल्या सुखतळ्यांनी ते अर्धं भरलं होतं. पहिल्या दिवशी हे काम केल्यावर तिला जेवण गेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी थोडं गेलं. आता ती पक्कड बघायचीही नाही, हात आपोआप जाई. माणूस कशालाही सरावतो, आणि ही गोष्ट तिला दुकानातल्या सगळ्या मोज्यांपेक्षा जास्त घाण वाटायची.

मनाची समजूत घालायला तिनं एक पळवाट काढली होती. माळा झाडताना तिला गेल्या वर्षीच्या, खऱ्या आकड्याच्या मालातले काही खोके सापडले होते. साखऱ्याला वाटत होतं तो माल संपला. मावशीनं ते खोके जुन्या पावतीबुकांमागे दडवले. एखादं पोर फारच वाईट पाय घेऊन आलं, की ती गुपचूप त्यातला जोड काढून द्यायची. त्या दिवशी तिला जेवण जायचं.

बघताबघता त्यातला एकच जोड उरला होता, तीन नंबरचा, खरा तीनचा. तो मात्र बबडीचा होता. गेल्या वर्षी घट्ट बुटानं बबडीच्या अंगठ्याचं नख मांसात घुसलं, पिकलं आणि शेवटी काढावं लागलं. भाऊ बाहेर जाऊन उभा राहिला, भावजयीनं डोळे मिटले आणि पोरीचा पाय धरून बसली ती मावशी. तो वास आणि ती किंकाळी तिच्या डोक्यातून गेली नव्हती. डॉक्टरांनी बजावलं होतं, पुन्हा घट्ट बूट घातला तर नख कायमचं जाईल. भाऊ म्हणाला होता, “ताई, यंदा बुटाचं तू बघ. आम्हाला त्यातलं कळत नाही.”

मावशी भावजयीला आठवडाभर सांगत होती, पोरीला घेऊन ये, घालून बघू दे, नुसता खोका घरी आणून उपयोग नाही. भावजय रोज “उद्या नक्की” म्हणायची. काल तर म्हणाली, “शाळेनं म्हणे यंदा चपला चालतील असं सांगितलंय, बघू.” मावशी चिडली. बघा तर बघा. आपल्याच बाईला गरज नाही, तर आपण एकट्यानं किती जीव काढायचा?

टायवाले अजून मोजेच निवडत होते, तोच एक बाई आत आल्या त्या पळतच. अंगावर गाडी शिकवणाऱ्या शाळेचा पिवळा शर्ट, बोट धरून ओढत आणलेली मुलगी. बाहेर रस्त्याच्या कडेला शिकाऊ पाटीची गाडी उभी होती आणि चाकामागे एक घाबरलेला इसम दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसला होता.

“मावशी, जरा पटकन,” बाई म्हणाल्या. “त्याला एकट्याला बसवून आलेय. घाबरून गाडी सुरू करेल नाहीतर झाडावर घालेल. आमच्या चिमणीला तीन नंबर द्या. शाळेचे.”

चिमणीनं मोजा काढला आणि मावशीचं नाक मुरडायचंच राहिलं. पाय स्वच्छ होता, पण करंगळी शेजारच्या बोटाखाली पूर्ण मुडपलेली. वरच्या बाजूला कडक, पिवळा घट्टा. टाचेवर जुनी चिकटपट्टी, तिच्या कडा काळ्या पडलेल्या. पाय चांगलाच रुंद होता, आणि तो वर्षभर कुठल्यातरी अरुंद बुटात कोंबलेला होता हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

बाईंनीही पाहिलं. “अगं, हे कधी झालं?” त्या म्हणाल्या. “सांगायचं नाही का मला?”

“सांगितलं असतं तर नवे घ्यावे लागले असते,” चिमणी म्हणाली. तक्रार नव्हती, नुसती माहिती दिल्यासारखी ती बोलली.

मावशीनं आधी नव्या मालातला बूट घातला. चिमणी उभी राहिली, ओठ आत घेतले, म्हणाली, “बसतात.” मावशीनं बुटाच्या कातड्यावरून हात फिरवला. आत बोटं मुठीसारखी आवळलेली होती. आता साखऱ्या आवाज देणार, आपण पडद्यामागे जाणार, सुखतळा उपटणार, ही पोर गप्प बसून वर्षभर त्यातच चालणार, आणि करंगळीचं काय होईल ते होईल. मावशीला एकदम शिसारी आली. पायांची नव्हे, बुटांची नव्हे, आपल्या या दोन हातांची. ती उठली, काही न बोलता माळ्यावर चढली आणि पावतीबुकांमागचा शेवटचा खोका घेऊन खाली आली.

खऱ्या तीनात चिमणीचा पाय अलगद गेला. ती उभी राहिली. आधी तिला काय करावं तेच कळेना. मग बुटाच्या टोकाचं कातडं आतून हळूच वर उचललं गेलं, खाली गेलं, पुन्हा उचललं गेलं.

“आई, यात बोटं हलतात!” चिमणी म्हणाली, आणि अशी हसली की मोज्यांच्या कपाटापाशी उभ्या टायवाल्यांनीसुद्धा वळून पाहिलं. मावशीही हसली. सकाळपासून पहिल्यांदा तिला आपण माणसात असल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात दार ढकलून भावजय आत आली. बरोबर बबडी.

“हुश्श! आलो बाई एकदाच्या,” भावजय म्हणाली. “ताई, शाळेतून निरोप आलाय, चपला अजिबात चालणार नाहीत म्हणे. बरं झालं तुम्ही आमचा जोड बाजूला काढून ठेवलात. घरचं माणूस दुकानात असलं की कशी काळजी नसते. कुठाय?”

मावशीनं चिमणीच्या पायातल्या बुटाकडे पाहिलं. बबडीनं मात्र चिमणीला पाहिलं आणि आनंदानं किंचाळली. दोघी एका वर्गात, एका बाकावर. सुट्टीभर भेट नाही. बबडीनं लगेच चप्पल काढली, चिमणीचा दुसरा पाय अजून मोज्यातच होता, त्याच्याशेजारी आपला पाय ठेवला आणि म्हणाली, “बघ, आपले सारखेच झाले!” खरंच सारखे होते. फक्त बबडीच्या अंगठ्यावर नवं नख होतं, पातळ, गुलाबी, कागदासारखं.

मावशी त्या नखाकडे बघत राहिली. तिला ती किंकाळी ऐकू आली. तिला भावाचं वाक्य आठवलं. घरी काय सांगायचं? तुझ्या पोरीचा जोड मी रस्त्यावरून आलेल्या एका बाईला दिला? आणि बबडीला काय घालायचं, खोट्या आकड्याचा, सुखतळा उपटलेला बूट? या हातानं?

तिनं गुडघे टेकले. चिमणीच्या बुटाच्या टोकावर अंगठा ठेवला आणि दाबला.

“मोठा होतोय हा,” ती म्हणाली. आवाज अगदी रोजच्यासारखा आला. “जिन्यावरून उतरताना घसरेल. मघाचाच बरा होता.”

“पण यात हलतात,” चिमणी म्हणाली.

“अगं, मावशींना तुझ्यापेक्षा जास्त कळतं,” बाई म्हणाल्या. “घसरून पडलीस म्हणजे?”

चिमणीनं मावशीकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर मावशीला बरं वाटलं असतं. ती नुसती बघत होती, आपलंच काही चुकलं असेल का, असं. मावशीनं तिचा पाय धरून बूट काढला आणि मघाचा जोड उचलून पडद्याआड गेली. साखऱ्याला आवाजही द्यावा लागला नाही. पक्कड घातली, ओढली. एरवी सुखतळा चर्रकन निघायचा, आज गोंद चिवट होता, तुकड्यातुकड्यांनी निघाला. कागद चिकटवताना तो तिच्याच अंगठ्याला चिकटला. तिनं तो तसाच ओरबाडून काढला.

बाहेर गाडीचा हॉर्न एकदा वाजला, मग चुकून दाबल्यासारखा लांबलचक वाजत राहिला. “मेला दाबून बसलाय!” बाई म्हणाल्या. “चिमणी, बसतात का गं नीट?”

चिमणीनं दाराकडे पाहिलं, आईकडे पाहिलं.

“बसतात,” ती म्हणाली.

“थँक्यू हं मावशी,” जाताजाता बाईंनी मावशीचा हात हातात घेऊन दाबला. “एवढं मनापासून कोण बघतं हल्ली.”

मावशीनं तो हात पदराला पुसला. मग आपण काय केलं ते लक्षात येऊन तिला आणखीच घाण वाटलं. त्या बाईंचा हात स्वच्छ होता.

पण काम झालं होतं. दगडापेक्षा वीट मऊ, असं मनाशी म्हणत तिनं खरा जोड बबडीच्या पायात घातला. बुटाच्या पट्ट्या लावल्या. बोटांपुढे हवी तेवढी जागा, बाजूला हवी तेवढी जागा. असा बसलेला बूट बघितला की एरवी तिचे डोळे निवायचे.

“आत्या,” बबडी म्हणाली, “हे मोठे आहेत?”

“नाही गं. अगदी बरोबर आहेत.”

“मग तिला कसे मोठे झाले? आमचे पाय सारखेच आहेत. आत्ताच लावून बघितले.”

मावशी बुटाची पट्टी पुन्हा काढून पुन्हा लावत बसली. भावजय वाकली आणि तिनंही बुटाच्या टोकावर अंगठा दाबला. “ताई, मला वाटतं ही बरोबर बोलतेय. पुढे पोकळच लागतं. तुम्हीच म्हणालात ना त्या बाईंना, जिन्यावर घसरेल म्हणून? आमच्या जिन्याला तर कठडाही नाही. त्या मुलीला जो दिलात ना, तसाच द्या हिला.”

“अगं, नको. हाच बरोबर आहे.”

“मग त्यांना का नाही दिलात?”

साखऱ्याच्या कानावर तेवढं पडलं. आपल्या माणसांची माणसं आलीत म्हणून तो स्वतः गल्ला सोडून, हातात नव्या मालातला खोका घेऊन, तोंडभर हसत आला. “आमच्या मावशींची राणी! हिच्यासाठी मी स्वतः घालतो बूट. थोडा घट्ट वाटला तर मावशी जरा हलका करून आणतील, काय मावशी?” आणि कानातली किल्ली काढून, ती पँटला पुसून, त्याच हातानं त्यानं बबडीचा पाय धरला. अंगठ्यापाशी. बुटावरूनच, पण त्या नव्या नखापाशी.

“हात लावू नका तिच्या पायाला!”

साखऱ्यानं हात मागे घेतला. एवढ्या मोठ्यानं आपण ओरडलो याचं मावशीलाच नवल वाटलं. पण आता तोंड उघडलंच होतं.

“कुणीही घेऊ नका हे बूट,” ती म्हणाली. “आकडा खोटा आहे. तीन लिहिलंय तो दोन आहे. हलका करून आणा म्हणजे काय, माहितीये? आतला सुखतळा उपटायचा आणि कागद चिकटवायचा. मी उपटते. पडद्यामागे पिंप भरलंय, जाऊन बघा. आणि हा जोड मोठा नाही, हाच एक खरा आहे. त्या पोरीला बसत होता. ही माझी भाची म्हणून मी तिच्या पायातून काढून घेतला.”

बोलताबोलता ती दाराशी गेली होती. रस्त्याच्या कडेला जिथं शिकाऊ गाडी होती तिथं आता एक हातगाडी उभी होती.

“मावशींना गर्दीनं चक्कर आलीय,” साखऱ्या सगळ्यांकडे बघून हसला. “पाणी आणा रे कुणीतरी.”

आता लोक साखऱ्याच्या अंगावर धावून जातील असं मावशीला वाटलं. तिनं डोळे मिटून घेतले, होऊ दे एकदाचं म्हणून. पण कुणी धावलं नाही. एका बाईनं बूट उलटा करून आकडा वाचला. कुणीतरी म्हणालं, “पण सोमवारी शाळा आहे, आता जायचं कुठे?” आणि मग टायवाले गृहस्थ, नवे मोजे हातात घेऊन, मावशीच्या अगदी जवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, “मावशी, तसा खरा एखादा अजून असेल ना आत? आमच्यासाठी काढा की. मी कुणाला बोलणार नाही.”

“नाहीये,” मावशी म्हणाली.

“बघा हो नीट, एखादा असेल. आपण काय परके आहोत?”

त्यांच्यामागून आणखी दोघीजणी पुढे सरकल्या. एकीनं मावशीचा दंडच धरला. “माझ्या मुलाचा पाय फार नाजूक आहे हो.” सगळ्यांचे डोळे एकाच जागी वळले, बबडीच्या पायाकडे. कुणालाही पिंप बघायचं नव्हतं. साखऱ्याची कुणाला चीड आली नव्हती. सगळ्यांना फक्त तो एक जोड हवा होता. आणि मावशीला त्यांची किळस करायचीही सोय उरली नव्हती, कारण मघाशी गुडघे टेकून तिनं दुसरं काय केलं होतं?

भावजय मात्र झटकन सावरली होती. इतका वेळ पोकळ लागणारा बूट तिला आता एकदम छान वाटायला लागला होता. ती बबडीच्या समोर अशी उभी राहिली की कुणाला पाय दिसू नयेत. “आम्ही आधी सांगून ठेवला होता,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, आणि खाली वळून कुजबुजली, “काढू नकोस गं. घालूनच चल. मी पैसे देऊन आलेच.”

मावशी बाकाशी येऊन खाली बसली. बबडीनं दोन्ही पाय बाकाखाली ओढून घेतले होते. तिच्या एका बुटाची पट्टी सुटलेली होती.

“सोमवारी तिचे पाय दुखतील,” बबडी म्हणाली.

“हो.”

“खूप?”

“सोमवारी थोडे. मग खूप.”

“मी तिला सांगू?”

“सांग,” मावशी म्हणाली. तिला एवढं एकच स्वच्छ काहीतरी हाताशी असल्यासारखं वाटलं. “सगळं सांग. ‘बूट तुलाही बरोबर बसत होते, माझी आत्या तोंडावर खोटं बोलली,’ असं सांग. फार घाण बाई आहे म्हणावं. तिच्या आईलाही सांगायला सांग.”

बबडीनं बुटातली बोटं हलवून पाहिली. मग मान हलवली.

“नको.”

“का गं?”

“मग ती माझ्याजवळ बसणार नाही.”

“तुझ्याजवळ का नाही बसणार? तू काय केलंयस?”

“तू माझीच आत्या आहेस ना,” बबडी म्हणाली, आणि खाली वाकून तिनं सुटलेली पट्टी लावायला घेतली.